घोरपडीच्या पोटातली टकटक

पावसाळा सरत आला तेव्हा राधानगरीच्या रानातून दोन जीव कोल्हापूरच्या कॉलेजात आले. तारेच्या पिंजऱ्यात चार फुटी घोरपड, आणि काचेच्या बरणीत अंगठ्याच्या नखाएवढा झाडावरचा बेडूक. साल चोपन्न. कालिंदी नुकतीच प्राणिशास्त्र शिकवू लागली होती. एकीचं अंग कोरडं, खवल्यांचं. दुसऱ्याचं इतकं ओलं नि पातळ की तो कातडीतूनही श्वास घेतो, हे तिला मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं होतं.

शनिवारी दुपारी तिनं प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. बरणीवरचं फडकं जसंच्या तसं बांधलेलं, पण आत बेडूक नव्हता. ती फडकं सोडून बरणीतलं पान उलटून बघत होती, एवढ्यात पाठीमागून आवाज आला. टक्, टक्, टक्.

घोरपड तिच्याकडे बघत होती. तोंड मिटलेलं, गळा स्थिर. आवाज पोटातून येत होता.

तिनं शिपायाला हाक मारली. आकारामनं पिंजऱ्याला कान लावला आणि झटकन मागं सरला.

"बाई, त्यो आत जित्ता हाय!"

"गिळलेला बेडूक ओरडेल कसा? बरणी कुणी उघडली होती?"

"मी न्हाय. किल्ली तुमच्याकडंच हाय की."

सोमवारीही टकटक चालूच होती. घोरपडीनं खायला ठेवलेल्या अंड्याला तोंड लावलं नव्हतं. "चिरून बघा, म्हणजे मिटलं," विभागप्रमुख म्हणाले. कालिंदीनं क्लोरोफॉर्मचा बोळा घेतला. ती जवळ जाऊ लागली तशी टकटक वाढत गेली, घाबऱ्या जिवाच्या उरासारखी. मारायचं नक्की कुणाला, हेच तिला कळेना. तिनं बोळा फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी ती आणि आकाराम पिंजरा घेऊन एसटीनं राधानगरीला गेले. रानात भुरभुर पाऊस होता, झाडाझाडावर बेडूक ओरडत होते. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर घोरपड संथपणे बाहेर पडली. ती जिथून जाईल तिथले बेडूक गप्प होत गेले. शेवटी सगळा उतार मुका झाला आणि एकच टकटक गवतातून वर चढत राहिली. ती ऐकू येईनाशी होतेय तोच, वरच्या दाट झाडीतून शेकडो बेडकांनी एकदम तिला साद दिली.

आकारामनं रिकामा पिंजरा उचलला आणि मागं न बघता सडक गाठली. कालिंदी धावतच त्याच्यामागं आली.

"ऐकलंस?"

"व्हय. पर गावात कुणाला सांगू नगा, बाई."

तिनं सांगितलं नाही. त्या वर्षी तो धडा तिनं फळ्यावर चित्रं काढून शिकवला.