डाव्या कानातला आवाज

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गातो तो तानसेन आणि ऐकतो तो कानसेन, ही जुनी कोटी कुणीतरी तो नोकरीला लागल्या लागल्या केली आणि त्याला चिकटली ती कायमचीच. व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करणं हे त्याचं काम. अवकाशयानाचं जड दार हवं होतं तेव्हा त्याने बायकोच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रिजचं दार आणि घरातलं लोखंडी कपाट, दोन्हींचे आवाज एकावर एक चढवून ते बनवलं. कपाट पुन्हा पुन्हा उघडून-लावून आईचं डोकं उठवलं होतं.

ज्या गेममध्ये ते दार होतं, तो गेम काही केल्या संपत नव्हता. एक संशोधन यान, त्यावर पाचजण, आणि यानाच्या वाटेत आलेलं काहीतरी अवाढव्य. ताऱ्यांहून मोठं. ते चाल करून येत नाही, रागवत नाही, त्याला त्या पाचजणांचा पत्ताच नाही. ते नुसतं जवळून जातं, आणि ते जाता जाता यानावरची माणसं एकेक करून मोडत जातात.

ही सगळी कल्पना लेखिकेची. स्टुडिओत गोष्ट लिहिणारी ती एकटीच. कानसेनला तिने पहिल्या दिवशी समजावलं होतं, "हे बघ, भुताला निदान तुझ्यात रस असतो. तुझ्यावर सूड घ्यायचा असतो, तुला झपाटायचं असतं. याला तू असलास काय, नसलास काय, सारखंच. त्याची भीती वाटली पाहिजे."

"आणि त्याचा आवाज कसा असेल?"

"ते तू सांगायचंस," ती म्हणाली होती.

तिथेच गाडं अडलं होतं. त्याने बर्फ तडकल्याचे आवाज करून पाहिले, वारा करून पाहिला, रिकाम्या पाण्याच्या टाकीत शिरून स्वतःच घोगरं ओरडून पाहिलं. लेखिका प्रत्येक वेळी ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "छान आहे. पण हे आपल्याकडे बघतंय." स्टुडिओचे मालक, सगळ्यांचे साहेब, याच्या अगदी उलट. त्यांना डरकाळी हवी होती. गेम चाखून बघायला जी मंडळी बोलावली होती, त्यांनी लिहून दिलं होतं की राक्षस दिसत नाही, मारता येत नाही, कंटाळा येतो. साहेबांनी तो कागद प्रत्येक बैठकीत फडकवला. दोन दगडांच्या मध्ये कानसेनचं पीठ पडत होतं. घरी जाऊन तो सोफ्यावर बसायचा तो बूट न काढताच.

एका सकाळी लेखिकेचा फोन आला. त्याने सवयीप्रमाणे तो डाव्या कानाला लावला. पलीकडून काही नाही. "हॅलो, हॅलो," करत त्याने फोन बघितला, तर बोलणं चालू होतं, सेकंद पुढे सरकत होते. उजव्या कानाला लावला तेव्हा लेखिका ओरडत होती, "अरे बहिरा झालास का?"

झाला होता. डावा कान रात्रीतून गेला होता.

कानाच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानात बारीक शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. डाव्या बाजूला त्याचा अंगठा नुसताच बटणावर राहिला.

"गोळ्या सुरू करू. फरक नाही पडला तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं देऊ. काहींचं परत येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही."

"पण झालं कशामुळे?"

"सांगता येत नाही. बहुतेक वेळा कारण सापडत नाही."

"मी दिवसभर हेडफोन लावतो."

"त्याने असं एका रात्रीत, एकाच बाजूला होत नाही. तुम्ही काही चुकलात असं नाही. होतं असं कधीकधी."

त्याला हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं. हेडफोन म्हणाल्या असत्या, तर त्याने ते पुन्हा जन्मात लावले नसते. शिव्या घालायला काहीतरी मिळालं असतं.

घरात मात्र कारणांना तोटा नव्हता. आई म्हणाली, "ओल्या केसांनी झोपतोस, दहादा सांगितलंय." मग म्हणाली, "दिवसभर त्या किंचाळ्या ऐकायच्या, कान तरी किती सोसतील?" बायकोने एसीवर ठपका ठेवला, मग कामाच्या ताणावर, मग मागे येऊन गेलेल्या सर्दीवर. रोज गोळ्या देण्याघेण्यात तिचं आयुष्य जात होतं. कुठल्या गोळीने काय होतं ते तिला ठाऊक होतं आणि कशाने होत नाही तेही. तरी ती शोधत राहिली. तो मान डोलवत राहिला. कोण वाद घालणार?

खरा त्रास न ऐकू येण्याचा नव्हताच. कान मेला होता, पण गप्प नव्हता. आत एक आवाज होता, बारीक, सपाट, एकसुरी, आणि त्याच्या खाली दुसरा एक, दूर कुठे मोठं यंत्र चालू ठेवून माणसं निघून गेली असावीत तसा. तो जेवताना असायचा, आई बोलत असताना असायचा, बायको हसली तरी असायचा. आवाज कुठून येतो हे त्याला कळेनासं झालं. सगळं जग उजवीकडेच राहायला आलं होतं. रस्ता ओलांडताना गाड्या नुसत्या अचानक समोर उगवायच्या.

तो कामावर जात राहिला. डाव्या बाजूचा आवाज संगणकाच्या पडद्यावरच्या उड्या मारणाऱ्या रेघा बघून जुळवायचा. एका दुपारी चहा पिता पिता लेखिकेने विचारलं, "नक्की कसं वाटतं रे?" आणि दमलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो, तसं त्याने सगळं सांगितलं. उजवीकडे राहायला आलेलं जग. चालू ठेवून गेलेलं यंत्र. "आणि सगळ्यात वाईट म्हणजे," तो म्हणाला, "ते माझ्यासाठी वाजत नाहीये. मी नसतो तरी वाजलं असतं असं वाटतं."

पुढच्या आठवड्यात तिच्या गोष्टीची नवी पानं सगळ्यांकडे आली. यानावरची तंत्रज्ञ बाई आपल्या सहकाऱ्याला सांगत होती: 'सगळं जग उजवीकडे राहायला गेलंय. डावीकडे पूर्ण शांतता आहे.'

तो पानं घेऊन तिच्या टेबलाशी गेला. "हे माझं आहे."

तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "हो. विचारायला हवं होतं. मी रात्रंदिवस हेच शोधतेय रे, आणि तू ते चहाच्या कपासोबत माझ्या पुढ्यात ठेवलंस. मला राहवलं नाही."

"मी रडगाणं गात होतो. तुला मजकूर पुरवत नव्हतो."

"काढून टाकते."

ती खरंच खोडायला लागली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं होतं, बोटांना शाई लागली होती. त्याचा राग होता तिथेच होता, पण तो पेलायला लागणारा जोर कुठून आणायचा? तो समोरच्या खुर्चीत बसला.

"खोडू नकोस. पण चुकीचं लिहिलंयस. शांतता नसते. शांतता असती तर मी चार तास झोपलो असतो."

"मग काय असतं?"

"दाखवतो," तो म्हणाला.

त्याने सुट्टीच्या दिवशी घरीच काम काढलं. यंत्रावर एक साधा सूर लावला, तो उजव्या कानात घेतला आणि हळूहळू वर चढवत गेला, डाव्या कानातल्या त्या सुराशी जुळेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तो नक्कल करत होता ती स्वतःच्या आतल्या आवाजाची. सूर जुळला तेव्हा क्षणभर दोन्ही कान सारखे झाले आणि त्याला वाटलं, परत आलं. मग खालचा दुसरा आवाज. तो पकडायला दुपार गेली. कपाट नको, टाकी नको, वारा नको. शेवटी गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटारीचा आवाज त्याने इतका संथ केला की त्यात मोटार उरली नाही.

बायको चहा घेऊन आली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली, "आज तरी विश्रांती घ्यायचीस."

"बस. हे लाव."

तिने हेडफोन लावला. त्याने तिच्या डाव्या कानातलं घरातलं सगळं काढून घेतलं आणि तिथे ते दोन आवाज सोडले. उजवीकडे आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, त्याचा आवाज माइकमधून येत होता. बायको आधी नुसती ऐकत होती. मग तिने मान डावीकडे वळवली, जणू तिथे कोणी उभं आहे. मग हेडफोनची वायर चाचपली. मग तिने तो काढला आणि मांडीवर ठेवला.

"हे… आत्ताही चालू आहे?"

"हो."

"मी बोलतेय तेव्हा?"

"हो."

तिने हेडफोन मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आणि मी तुला एसी बंद करायला सांगत होते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. तिने त्याचा डावा कान तळहाताने झाकला, लहान मुलाचा झाकतात तसा. त्याने काही फरक पडणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून तिने कारण शोधणं सोडलं. आईलाही तिनेच थांबवलं. "आई, झालंय ते झालंय. आता त्याच्या उजवीकडून बोला."

साहेबांसमोर त्याने आणि लेखिकेने मिळून तो प्रसंग चालवून दाखवला. ते प्रचंड काहीतरी यानाच्या जवळून जातं. डरकाळी नाही, पडद्यावर काही दिसतही नाही. फक्त डाव्या कानातून यान हळूहळू नाहीसं होत जातं, पंखे, पावलं, सहकाऱ्याचा श्वास, आणि त्या जागी ते दोन आवाज येऊन बसतात.

साहेबांनी हेडफोन काढून आपटला. "बिघडलाय हा."

"नाही सर," लेखिका म्हणाली.

"लोकांना वाटेल हेडफोन बिघडला."

"वाटू दे ना सर," कानसेन म्हणाला. "मला वाटलं होतं फोन बिघडला."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना त्याच्या कानाबद्दल ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काय विचारायचं असतं हे त्यांना सुचलं नसावं. त्यांनी हेडफोन पुन्हा लावला आणि प्रसंग शेवटपर्यंत ऐकला. या वेळी काढताना सावकाश काढला.

"बंदूक राहील," ते थोड्या वेळाने म्हणाले. "पोस्टरवर बंदूक लागते."

"राहू दे," लेखिका म्हणाली. "चालवू देत. लागणार कशालाच नाही."

"चालेल," साहेब म्हणाले, आणि खुर्चीतून उठताना कण्हले. तेही दमले होते.

गेम बाजारात आला. काहींना फार आवडला. पुष्कळांनी तक्रार केली की ऐन रंगात आवाज एका बाजूने जातो, दुरुस्त करा. बंदुकीला अर्थ नाही असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं. एका बाईने लिहिलं की तिच्या नवऱ्याचाही एक कान असाच गेला, आणि तिने तो प्रसंग दोनदा खेळला. लेखिकेने ते वाचून दाखवलं. कानसेन म्हणाला, "बरं."

इंजेक्शनं संपली. कान परत आला नाही. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या तपासणीचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मेंदूला सवय होते. आवाज जात नाही, पण तुमचं लक्ष त्याच्यावरून उडतं." कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

स्टुडिओने पुढचं काम घेतलं ते अगदी लहान मुलांच्या गेमचं. त्यात बदकं होती. बदकांचे आवाज खरेच हवेत असा साहेबांचा हट्ट. रविवारी सकाळी तो तळ्याकाठी गेला, आणि बायको सोबत आली. बदकं कुठल्या बाजूला ओरडतायत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून माइक तिने धरला होता.

"तिकडे," ती हळूच म्हणायची आणि माइक वळवायची. "आता तिकडे."

तो बाकावर बसून रेघा बघत होता. मग त्याने यंत्र तसंच चालू ठेवलं, बूट काढले आणि पाय गवतावर पसरले.