परत सांगा, सावकाश

वहिनी कामगारांना जर्मन शिकवायची. पाळी सुटली, जर्मनीतल्या त्या कारखान्याच्या कँटीनमधली टेबलं पुसून झाली की तिचा वर्ग भरायचा. त्यात तिचा धाकटा दीरही होता. तो सुतार. वर्गात त्याचं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार असायचं, पण कामावर जर्मन मुकादम काही बोलला की तो नुसता "या, या" म्हणायचा. या म्हणजे होय. सोबत्यांनी त्याचं नाव होयबा ठेवलं होतं.

एकदा मुकादमाने फळ्या उभ्या कापायला सांगितल्या. होयबाने मान डोलावली आणि सगळ्या आडव्या कापल्या. मुकादम चिडला नाही. करवतीचं यंत्र बंद करून म्हणाला, "सोमवारी बोलू." नेमकं तेवढंच होयबाला समजलं.

घरी त्याने ताट बाजूला सारलं.

"वहिनी, काढणार मला."

"समजलं नव्हतं तर विचारायचं ना, भाऊजी."

"विचारलं तर म्हणतील, ठोंब्या आहे."

"आणि आता काय म्हणतायत?"

तो हसला, पण डोळे भरले होते.

वहिनीच्या मनाला लागलं. उत्तरं द्यायला तिने सगळ्यांना शिकवलं होतं. समजलं नाही हे सांगायला कधीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने धडा बाजूला ठेवला. यंत्रासारखा आवाज व्हावा म्हणून पंखा मोठा केला आणि स्वतःच मुकादम होऊन, अर्धे शब्द गिळत, भराभर हुकूम सोडायला लागली. न समजता जो "या" म्हणेल त्याने उभं राहायचं. बघता बघता सगळा वर्ग उभा.

"बाई, माझे गुडघे दुखतात," साफसफाईवाली मावशी म्हणाली. "बसायला काय म्हणायचं ते तरी शिकव."

मग तिने शिकवलं: थांबा. मला समजलं नाही. परत सांगा, सावकाश. होयबाच्या तोंडून ते सगळ्यांत शेवटी निघालं, तेही घोगरं.

सोमवारी वर्गाची वेळ झाली तरी तो आला नाही. वहिनीचं लक्ष दाराकडे. शेवटी आला, तो घामाने भिजलेला.

"मुकादम बोलायला लागले. मी म्हटलं, थांबा, समजलं नाही."

"मग?"

"मग ते खुर्चीत बसलेच. सावकाश सांगितलं त्यांनी. म्हणाले, तुझ्या डोक्यात काय शिरलं नि काय नाही, मला कधी कळायचंच नाही. एखाद्या दिवशी तुझी बोटं जातील, या धास्तीने मला झोप लागायची नाही. आता असंच विचारत जा."

"आणि काम?"

"उद्यापासून परत करवतीवर. आठवडाभर ते शेजारी उभे राहणार."

वहिनीने खुर्ची ओढली आणि मटकन बसली.

"आज काही शिकवणं व्हायचं नाही माझ्याच्याने," ती म्हणाली.

मावशी उठून चहा टाकायला गेली.