निरंक चालणार नाही

"शाल नक्की कोणाच्या अंगावर घालायची, ते एकदा ठरवा," विस्तार अधिकारी प्रफुल्ल साहेब सभागृहाच्या दारात म्हणाले आणि त्यांनी कैलासच्या मागे उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं. एक म्हातारा होता, डोक्याला नवी टोपी आणि पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाच्या चपला. शेजारी एक तरुण बाई, कडेवर लहान मुलगी. म्हातारा म्हणजे जिवल्या, आखातात गेलेल्या प्रदीपचा बाप. बाई म्हणजे दीपाली, प्रदीपची... इथे कैलास जरा अडखळला.

"मिसेस आहेत ना या?" साहेबांनी विचारलं.

"आहेत सर. म्हणजे, लग्न व्हायचंय."

साहेबांची नजर कडेवरच्या पोरीवर गेली, तिथून कैलासवर आली आणि तिथेच थांबली.

कैलास मूळचा बीडकडचा. ग्रामसेवक म्हणून या डोंगरपट्ट्यात आला तेव्हा त्यालाही हे चमत्कारिक वाटलं होतं. इकडे पोरगी पोराच्या घरात राहायला येते, चूल पेटवते, लेकरं होतात, आणि लग्न सवडीने होतं. सगळ्या पाड्याला जेवू घालायची ऐपत येईल तेव्हा. कधी बापाचं आणि मुलाचं एकाच मांडवात लागतं. त्यात कुणाला लाज वाटत नाही आणि कुणी कुणाला हसतही नाही. कैलासला हे कळायला काही वर्षं लागली, प्रफुल्ल साहेबांना दोन मिनिटांत कुठून कळणार. त्याने सांगून पाहिलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण आज त्याच्या डोक्याला ताप कमी नव्हते. पाहुणे वाटेत होते, पत्रकार येऊन बसले होते.

"स्टेजवर नुसते वडील घ्या," ते म्हणाले. "उद्या पेपरात पत्नी म्हणून छापून आलं आणि कुणी दाखला मागितला तर मी काय दाखवू? मॅडमना मागे बसवा. चहा-नाश्ता आहे म्हणावं."

एवढ्यावर विषय संपला. कैलासची सगळी भिस्त मात्र दीपालीवर होती.

प्रदीप बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला होता. लग्न दणक्यात करायचं म्हणून एजंटाच्या ओळखीने आखातात गेला. पोरगी तो गेल्यावर जन्मली. काही महिने फोन वेळेवर येत राहिले, मग तिकडच्या ठेकेदाराने गाशा गुंडाळला. जाताना कामगारांचे पासपोर्टही घेऊन गेला की कुठल्या कपाटात कुलूप लावून गेला, ते कुणालाच सांगता येईना. आता प्रदीप आणखी काही जणांबरोबर कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत पडून होता. कागदाशिवाय बाहेर फिरलं तर पोलीस धरतात आणि कागदाशिवाय विमानात कुणी घेत नाही. खोलीतल्या एकाच्या फोनवरून तो बोलायचा. सुरुवातीला दीपालीशी बोलायचा, पुढे पुढे कैलासशीच जास्त, कारण घरी बोललं की रडू येतं म्हणे.

कैलासने तक्रार केली नव्हती असं नाही. परदेशातल्या नागरिकांसाठी सरकारची जी सोय असते, तिथे त्याने दीपालीच्या नावाने सगळं भरलं. ते परत आलं; नात्याचा पुरावा जोडा. मग जिवल्याचा अंगठा घेऊन पुन्हा पाठवलं. त्यावर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर आलं. दीपाली दर आठवड्याला पंचायतीत येऊन विचारायची आणि कैलास दर आठवड्याला तेच वाचून दाखवायचा. आपला स्वतःचा आवाज ऐकायचीसुद्धा त्याला शरम वाटायला लागली होती.

अशात वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. परदेशात स्थायिक झालेल्या भूमिपुत्रांना मातीशी जोडायचं, त्यांच्या ज्ञानाचा आणि पैशाचा गावाला उपयोग करून घ्यायचा. त्यासाठी एक कार्यक्रम होणार, घरच्यांचा सत्कार आणि पडद्यावरून त्यांच्याशी गप्पा; तरी प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतल्या अशा व्यक्तींची माहिती कळवावी. कैलासला हसू आलं. त्याच्या पंचायतीतली माणसं वीटभट्टीवर जात होती, भातकापणीला दुसऱ्याच्या शेतावर जात होती, फार तर बोटीवर खलाशी म्हणून सातपाटी-मुरब्याला. त्याने 'निरंक' लिहून कागद पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला की निरंक चालणार नाही, एक तरी नाव द्या. केळव्याची लोकं कॅनडात आहेत, तारापूरची अमेरिकेत आहेत, तुमच्याकडे एकही कसा नाही?

एक आहे, असं कैलासच्या मनात आलं आणि त्याला एकदम पुढचं सगळं दिसलं. एवढे अधिकारी एका ठिकाणी जमणार. पडद्यावर प्रदीप, समोर वरचे साहेब, पत्रकार बसलेले. तिथे तो तोंडाने बोलला तर कुणाला कागद परत पाठवता येणार नाही. त्याने नाव दिलं. नोकरीच्या रकान्यात वेल्डर लिहिलं होतं, वरच्या कार्यालयात त्याचं 'अभियांत्रिकी क्षेत्र' झालं, आणि कैलासने तेही दुरुस्त केलं नाही.

आदल्या दिवशी त्याने प्रदीपला पढवलं होतं. घाबरायचं नाही, आढेवेढे घ्यायचे नाहीत.

"नाय घाबरणार, भाऊसाहेब," प्रदीप म्हणाला होता. "एवढंच बोलीन. माला घरी न्या. दुसरा काय बोलायचा हाय?"

तो कचरलाच तर इकडून दीपाली बोलेल, असं ठरलं होतं. जिवल्या साहेब लोकांसमोर तोंड उघडत नाही हे सगळ्या पाड्याला ठाऊक. दीपाली मात्र रेशनच्या दुकानदारालाही गप्प करणारी बाई.

तीच आता मागच्या रांगेत बसायला निघाली होती. कैलासने तिला समजावलं तेव्हा तिने वाद घातला नाही. पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथनं तो माला बघंल ना?"

"बघेल की," कैलास म्हणाला. कॅमेरा कुठे लावलाय हे त्याने पाहिलंच नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. पडद्यावर पहिल्या आल्या केळव्याच्या समिधाताई, कॅनडाहून. त्यांच्याकडे पहाटही झाली नव्हती, तरी साडी नेसून बसल्या होत्या. वडिलांची सुपारीची वाडी अजून स्वप्नात येते म्हणाल्या, आणि गावातल्या मुलींसाठी संगणक कक्ष देते म्हणाल्या. मनापासून बोलत होत्या. कैलासला त्यांचा राग यावा असं काहीच त्यात नव्हतं, तरी तो आला.

मग निवेदिकेने प्रदीपचं नाव घेतलं. आदिवासी पाड्यावरून थेट आखातात झेप घेणारा तरुण अभियंता, असं ती म्हणाली. जिवल्याला धरून स्टेजवर नेलं. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सभागृह टाळ्या वाजवू लागलं. तेवढ्यात पडदा उजळला.

प्रदीप वाळला होता. अंगात कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट होता, खांद्यावरून घसरत होता. मागे लोखंडी खाटेची कड दिसत होती आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल.

"बघा प्रदीपजी," पाहुणे माईकवर म्हणाले, "आज तुमच्या वडिलांचा सन्मान करायचं भाग्य आम्हाला लाभलं."

जिवल्याने हात जोडले. सकाळपासून जो समोर येईल त्याला तो हात जोडत होता, तसेच त्याने पडद्यावरच्या मुलालाही जोडले. नारळ काखेत दाबून, मान खाली घालून.

आवाज येतोय का, असं कुणीतरी विचारलं. आवाज येत होता. खोलीतला पंखा घरघरत होता तोसुद्धा ऐकू येत होता.

"बा," प्रदीप शेवटी म्हणाला, "बरा हाय ना?"

"बरा हाय," जिवल्या म्हणाला. माईक नसल्यामुळे ते स्टेजच्या खाली कुणाला ऐकू गेलं नाही, पण कैलासला ओठांवरून कळलं.

"वा," पाहुणे म्हणाले. त्यांनाही भरून आलं असावं. "आता सांगा, एवढं यश मिळवलंत, आपल्या मातीसाठी काय करायचं मनात आहे?"

आता बोल, असं कैलास भिंतीजवळ उभा राहून मनातल्या मनात म्हणत होता. बोल लेका. प्रदीपचं लक्ष मात्र एकाच ठिकाणी खिळलं होतं. सबंध जन्म ज्याला कुणी खुर्ची दिली नाही, तो त्याचा बाप नव्या शालीत, साहेबांच्या शेजारी उभा होता, आणि सगळं सभागृह त्याच्यासाठी थांबलं होतं. मुलाने एक वाक्य बोलायचा अवकाश, ती शाल त्याच्या अंगावर तशी राहिली नसती. कैलासला हे त्याच क्षणी कळलं आणि आपण काय करून बसलो तेही कळलं.

"गावच्या शाळंला पंखं देईन," प्रदीप म्हणाला. "सगल्या वर्गांना."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी जिवल्याची पाठ थोपटली आणि म्हातारा हसला. इतक्या वर्षांत कैलासने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

कैलास पुढे झाला. सर, त्याला अजून काही सांगायचंय, असं तो म्हणाला खरा, पण टाळ्यांत ते विरलं. प्रफुल्ल साहेबांनी त्याचा दंड धरला. नंतर, नंतर, अजून बरेच जण लाईनवर आहेत, आणि पंख्यांचं तेवढं आजच नोंदवून घ्या. पडद्यावर प्रदीप काहीतरी शोधत असल्यासारखा कॅमेऱ्याच्या जवळ आला, त्याचा अर्धाच चेहरा दिसू लागला. मग चित्र गेलं.

कैलासने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत दीपाली खुर्चीवर चढून उभी होती. दोन्ही हातांनी तिने पोरीला डोक्याच्या वर उचलून धरलं होतं, पडद्याकडे तोंड करून. कॅमेरा स्टेजकडे होता, मागच्या रांगा त्यात कधीच आल्या नव्हत्या. पोरगी पाय हलवत होती. आजूबाजूची माणसं कौतुकाने हसत होती, त्यांना वाटलं लेकराला गंमत दाखवतेय.

पडद्यावर आता अमेरिकेतले कुणी डॉक्टर आले होते आणि सर्वांना नमस्कार म्हणत होते. दीपालीने अजूनही पोरीला खाली घेतलं नव्हतं.