सपाटीवरचा चढ-उतार

आश्रुबानं मोजपट्टी दगडावर उभी धरली होती. समोरून मैनुद्दीन मुनशी दुर्बिणीकडं न जाता सरळ त्याच्याकडं येताना दिसला, आणि पट्टी हलली. एरवी पट्टी हलली की मुनशी लांबूनच ओरडायचा. आज तो ओरडला नाही. जवळ येऊन त्यानं पट्टी आपल्या हातात घेतली.

"बैस, आश्रुबा."

"काम ऱ्हायलंय, मुनशीजी."

"बैस म्हणतो ना बे."

मुनशीच्या हातात पाकीट होतं. ते हैदराबादच्या सरहद्दीपलीकडून, इंग्रजी मुलखातल्या मिशनच्या दवाखान्यातून आलं होतं. दीड महिन्यापूर्वी आश्रुबाची बायको मुक्ताबाई पोटातल्या गाठीसाठी तिथं गेली होती. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा सटवा यानं नांदूरघाटाहून गाडी जुंपून, वाटेत तीन मुक्काम करून, तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं. आश्रुबा गेला नव्हता. धारूरच्या घाटाची मोजणी नुकती सुरू झाली होती. मोजणीवरच्या इंग्रज साहेबाकडं रजा मागावी असं त्याच्या मनात आलं होतं, पण त्यानं मागितली नाही. "आठ दिसांत येतो," एवढंच तो गाडीच्या चाकाशी उभा राहून बोलला होता.

चिठ्ठी तिथल्या गोऱ्या नर्सबाईची होती. तिला मराठी लिहिता येत नव्हतं. साहेब हैदराबादला गेला होता, म्हणून मुनशीनंच ती वाचली. मुक्ताबाई गेली, हे पहिल्याच ओळीत होतं. दवाखान्यातल्या माळ्यानं तिला अग्नी दिला, हे दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीवर मुनशी अडखळला.

त्याचं उर्दू-फारसी पक्कं होतं, पण इंग्रजी त्याला मोजणीच्या वहीतून आलेलं. त्या वहीत अप म्हणजे चढ आणि डाउन म्हणजे उतार. हे दोन शब्द दिवसभर घाटात घुमायचे, त्यामुळं आश्रुबालाही ते ठाऊक होते.

"अप ॲन्ड डाउन," मुनशी म्हणाला. "रोज सांजच्याला ती चढायची, उतरायची. अखेरचे दोन दिवस सोडून."

"कुठं चढायची?"

"ते साफ लिवलं न्हाई. व्हरांडा असा लफ्ज हाय."

आश्रुबानं कागद मागून घेतला, घडी केली आणि पटक्यात खोवला. मग तो म्हणाला, "पोटात गाठ असलेल्या बाईला जिना चढाय लावला."



साहेब अजून आला नव्हता, म्हणून मुनशीलाच सांगून आश्रुबा दहाव्याला नांदूरघाटाला गेला, तेव्हा नदीवर जमलेल्या माणसांना त्यानं तेच सांगितलं. सटवानंही भर घातली की दवाखान्याला माडी होती, ती फाटकातून दिसली होती. सटवाची बायको बायनाबाई तिथंच बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा येत चालला होता. त्याच दवाखान्यात डोळ्यांवरचा पडदा काढतात असं कळल्यावरून तिला न्यायचं ठरलं होतं. जिन्याचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मग मी आंधळी बरी."

आश्रुबा कामावर परतला. त्यानं पट्टी पहिल्यासारखीच धरली, पण एक गोष्ट सुटली. साहेबाच्या बोलण्यातले जोडशब्द त्याला फार आवडायचे. बॅक ॲन्ड फोर्थ, इन ॲन्ड आउट. बैलांच्या जोडीसारखे ते एकत्र यायचे, आणि त्यांना उलटं जुंपलेलं साहेबाला चालायचं नाही. आश्रुबा ते पाठ करायचा, संध्याकाळी भाकरी थापताना स्वतःशीच म्हणायचा, आणि मुनशी त्याला 'लाटसाहेब' म्हणून चिडवायचा. आता त्यानं ते म्हणणं सोडून दिलं.

साहेब परत आला. दुर्बिणीचं यंत्र हिसक्यानं बिघडलं असेल म्हणून ते तपासायला त्यानं धारूरच्या किल्ल्याच्या खाली सपाट जागा निवडली. दोन खुंट्या ठोकल्या, दोन्हींवर पट्टी धरायला लावली, आकडे घेतले. दोन खुंट्यांत बोटभरसुद्धा फरक नव्हता. मग साहेब आकडेमोड करत बसला. आश्रुबाच्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा तो या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चालू लागला. तिथून परत या खुंटीपर्यंत. असं किती वेळ चाललं ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

साहेब मान वर न करता मुनशीला काहीतरी म्हणाला. मुनशीनं आधी आश्रुबाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"काय म्हनलं सायेब?"

"विचारतात, ह्यो मानूस अप ॲन्ड डाउन कावून करतोय."

"म्या? म्या तर सपाटीला हाय."

"म्हणून तर बघतोय, कुठं चढ ऱ्हायला का आपल्याकडून मोजायचा."

मुनशीनं साहेबाला ते विचारलं. साहेबानं पेन्सिल कानावर खोचली, उठला, आणि आश्रुबाच्याच वाटेनं दहा पावलं जाऊन दहा पावलं परत आला. जाताना अप म्हणाला, येताना डाउन म्हणाला. तोंडावर हसू नव्हतं, मुलाला बेरीज शिकवावी तसा तो चालला. मग आणखी एकदा तसाच चालला आणि म्हणाला, टू ॲन्ड फ्रो. तेच चालणं, दुसरी जोडी.

"अजब लोक हायत," मुनशी म्हणाला. "चढ नसला तरी चढतात. अन् आपण ये-जा म्हणतो, आधी येतो. यांचं आधी जाणं, मग येणं."

"घरदार सोडून एवढं लांब आल्यात. आधी जाणंच म्हणणार की."

मुनशी हसला. आश्रुबा हसला नाही. त्यानं पटक्यातून कागद काढला.

"परत वाचा."

मुनशीला तिसरी ओळ शोधावी लागली नाही. त्यानं ती दोनदा मनात वाचली आणि मग हळू आवाजात सांगितली. "अखेरचे दोन दिवस सोडून, रोज सांजच्याला ती व्हरांड्यात येरझारा घालायची." तो थांबला. "खता माझी झाली, आश्रुबा. चूक माझी."

"तुमी चढ-उताराचे मुनशी. तुमाला दुसरं काय सुचणार."

आश्रुबा खुंटीजवळ बसला. पडवीत शंभर खाटा असतील, शंभर माणसं कण्हत असतील. त्यातून एका परक्या बाईनं मुक्ताबाई चालते हे पाहिलं होतं. कोणत्या वेळी चालते हेही पाहिलं होतं, आणि कोणते दोन दिवस चालली नाही हे लक्षात ठेवलं होतं. मग दोन बारीक शब्दांत तिनं ते सगळं कागदावर उतरवलं होतं. या टोकाला जाणं आणि त्या टोकाहून परत फिरणं, दोन्ही त्यात आलं होतं. असं लिहिणाऱ्या बाईबद्दल तो दहाव्याला नदीवर सगळ्यांदेखत काय बोलला होता, ते त्याला आठवलं.

त्यानं साहेबाकडं रजा मागितली. नोकरीला लागल्यापासून पहिलीच. साहेबानं कागदावरून मान न उचलता हो म्हटलं. मागायचंच तेवढं राहिलं होतं.

नांदूरघाटात बायनाबाई उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती. खडे ती बोटांनी चाचपून काढत होती. आश्रुबानं सगळं सांगितलं, मुनशीची चूक, साहेबाचं चालून दाखवणं, सगळं.

"म्हंजी जिना न्हवता, दाजी?"

"न्हवता. सपाट पडवी. इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"कुणी चालाय लावलं न्हवतं?"

"न्हाई. आपल्या मनानं चालायची."

बायनाबाईचा हात सुपातच थांबला.

"सांजच्यालाच?"

"सांजच्याला."

"घरी आक्का कवा येरझारा घालायची, ठाव हाय का तुमाला?"

आश्रुबानं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तुमाला कुठं ठाव असणार. तुमी घरी नसला, उशीर झाला, की घालायची. तुमी दारात आलात की थांबायची, चुलीपाशी जायची."

सटवा गोठ्यातून आला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं असंल तर गाडी जुंपतो की म्या. कवाबी."

"ह्यांची गाडी फाटकापसून माघारी येती," बायनाबाई आश्रुबाच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली. "मी जाईन, पर दाजी आत येणार असतील तर. माझा हात धरून, खाटंपतुर."

आश्रुबानं मान हलवली. मग तिला दिसणार नाही हे ध्यानात येऊन तोंडानं हो म्हणाला.

गाडी सोमवारी निघायची ठरली. त्या फाटकाच्या आत आश्रुबा अजून गेला नव्हता.