भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी जळतो

मी घरखर्चाचं सॉफ्टवेअर बोलतोय. यवतमाळजवळ लोहाऱ्यात, अतुलच्या जुन्या कंप्युटरमध्ये माझा मुक्काम आहे. आधीच कबूल करतो, माझा स्वभाव जळका आहे. आणि जळतो कुणावर, तर समोरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकणाऱ्या एका कॅलेंडरवर!

२००५ साली अतुलनं मला सीडीतून घरात आणलं. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुनीम. कापसाला भाव नाही, आवक घटलेली. जिनिंग चार महिने चालायचं, बाकीचे दिवस अर्ध्या पगारावर काढायचे. म्हणून त्यानं ठरवलं, घरातला रुपया न् रुपया माझ्याकडे मांडायचा. जिरं-मोहरीपासून सिलिंडरपर्यंत सगळं तो मला सांगायचा. महिनाअखेरी मी खर्चाची रंगीत चकती काढायचो आणि तो ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. तेव्हा मी फुगून जायचो.

पण दुधाची नोंद मात्र त्याची बायको रुपाली कॅलेंडरवरच करायची. दूध आलं नाही त्या तारखेला गोल. अतुल आधी तिथं जाऊन गोल मोजायचा, मग माझ्याकडे यायचा. म्हणजे मला उष्टं! त्यात भारनियमन. बारा-बारा तास मी मुका, आणि ते मेलं कॅलेंडर खिडकीच्या उजेडात खुशाल मिरवतंय. दहा रुपयांचा कागद तो, पण रुपाली त्याला हात लावायच्या आधी पदराला हात पुसायची. माझ्यावर फक्त फडकं मारायची.

दर महिन्याला दूधवाले पूनमसिंग कुरकुरायचे, "भाऊ, एक दिवसाचे पैसे कमी देऊन राह्यले तुम्ही."

अतुल माझ्याकडे बोट दाखवायचा. "कंप्युटर खोटं बोलते काय?"

मला कोण आनंद व्हायचा!

मग २००७च्या जूनमध्ये रुपालीचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला. फी साडेपाच हजार, सोमवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसरीला. बारावी झाल्यापासून तिला हेच शिकायचं होतं. अतुलनं मला उघडलं. मी शिल्लक दाखवली एकोणीसशे, तीही लाल अक्षरांत.

"पाह्य, नाही जमत. पुढच्या वर्षी पाहू," तो म्हणाला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. या घरात कुणाचा शब्द चालतो ते आता रुपालीला कळलं असेल, असं मी मनात म्हटलं.

ती आत गेली आणि कॅलेंडरच काढून घेऊन आली. दुसऱ्या हातात नोटांचं पुडकं.

"दर पाच तारखेचा हा गोल दुधाचा नाही," ती म्हणाली. "भिशीचा आहे. पंधरा बाया, चारशे-चारशे. फॉल-पिकोच्या पैशातून भरत गेली मी. या महिन्यात माहा नंबर लागला. पूनमसिंगभाऊले त्या दिवसाचे पैसे मागाहून मीच देत होती."

सहा हजार! मला त्यातल्या एका रुपयाची खबर नव्हती.

"मले काहून नाही सांगितलं?" अतुलनं विचारलं.

"तुमच्या कंप्युटरात दिसले असते तं राह्यले असते काय? शिल्लक दिसली का तुमी खर्च काढता. आन मी लिहू कशी त्याच्यात? तुमी तं पासवर्ड लावून ठेवला."

खरंच होतं ते. मी दाखवलेली शिल्लक कधी आठवडाभर टिकली नव्हती. सोमवारी दोघं जाऊन फी भरून आले.

आता रुपाली रोज यवतमाळला जाते. दूध अतुल घेतो आणि तोही कॅलेंडरवरच लिहितो. मला आठवड्यातून एकदा उघडतो. माझा जळफळाट कमी झालेला नाही, उलट वाढलाय. तिनं आपलं गुपित त्या कागदाला सांगितलं, मला नाही. मलाही तिची बोटं हवीत, तिच्या मेहनतीचे चारशे रुपये तिच्याच हातानं मांडलेले हवेत.

अतुल, एवढं कर. तो पासवर्ड तिला सांगून टाक. दोन वर्षं मला उघडताना तू दर वेळी तिचंच नाव लिहितोस, आणि तिला त्याचा पत्ताच नाही.