सात बरण्या

माझ्या सुनेचं काम काय, असं कुणी विचारलं की मी पूर्वी सांगायचो, "दुसऱ्याच्या कामात खोड काढणं." ती नुसती हसायची. तिच्या जागी मी असतो तर समोरचं ताट भिरकावलं असतं. मी सुतार माणूस. पस्तीस वर्षं रंधा मारतोय आणि माझ्या तोंडाला लागायच्या आधी लोक दोनदा विचार करतात.

तर तिचं खरं काम असं. इमारतीच्या आत जे काही असतं, कपाटं, भिंती, छत, फरशी, खुर्च्या, ते सगळं झाडांना, पाण्याला आणि माणसाच्या फुप्फुसाला न छळता झालंय की नाही हे बघायचं, त्याचे पुरावे गोळा करायचे आणि हिरवं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेपुढे मांडायचे. लाकूड कुठल्या जंगलातलं, त्याचा कागद. रंगात काय काय घातलंय, त्याचा कागद. उरलेल्या ढलप्या कुठे गेल्या, त्याचाही कागद! पहिल्या आठवड्यात ती भुशाची पोती घरच्या वजनकाट्यावर तोलत बसली, तेव्हा मी म्हटलं, "सूनबाई, आता माझा घामही मोजून घे."

"घामाला गुण नाहीत, बाबा," ती म्हणाली. "असते तर आपण कधीच पहिले आलो असतो."

सगळे कामगार खो खो हसले. मीच तेवढा हसलो नाही.

काम होतं एका दवाखान्याचं. दम लागणाऱ्या लहान मुलांचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी आधीची जागा मोठ्या हौसेने सजवली होती आणि तिथे आलेली पोरं बरी व्हायच्या ऐवजी जास्तच खोकायला लागली. नव्या कपाटांचा, नव्या रंगाचा वास. बाईंनी ती जागा महिन्याभरात बंद केली. या वेळी त्यांनी आधीच बजावलं होतं, "प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत एकही मूल आत येणार नाही." प्रमाणपत्राची शेवटची पायरी म्हणजे हवेची तपासणी. काम संपलं की दोन आठवडे पंखे लावून खोल्या मोकळ्या सोडायच्या, मग यंत्र आणून प्रत्येक खोलीतली हवा मोजायची. नापास झालात तर दोष शोधून एकदाच पुन्हा तपासणी. त्यातही नापास, तर सगळं मुसळ केरात.

सुनेच्या स्वतःच्या सहीचं हे पहिलं काम. तोवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबायची. त्यात सुतारकाम तिने सासऱ्याला दिलेलं, म्हणजे ऑफिसात कुजबुज होणारच. घरचीच माणसं भरली वगैरे. तिने तिथे सरळ सांगितलं होतं, "यांच्यासारखा सांधा जुळवणारा दुसरा दाखवा, त्याला काम देते." हे मला तिऱ्हाइताकडून कळलं. तिने कधी ऐकवून दाखवलं नाही.

आता माझी करणी ऐका.

बाहेरच्या बसायच्या खोलीत एक काउंटर होतं. पोरांना कोपरे लागू नयेत म्हणून पुढचा सगळा भाग गोल वळलेला. सुनेने दिलेल्या चालणाऱ्या मालाच्या यादीतला गोंद पाण्याचा, पांढरा. तो धरायला अख्खा दिवस घेतो, तोवर शिकंजे आवळून बसा त्याची मनधरणी करत. पहिल्यांदा केलं तर एका टोकाला वरचं लॅमिनेट सुटलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा सुटलं. माझं डोकं फिरलं. घरी माळ्यावर जुन्या रबरी गोंदाचा डबा पडून होता. तो फासायचा, दहा मिनिटं थांबायचं, दाबायचं, की जन्माचं चिकटलं. मी तो यादीतल्या गोंदाच्या रिकाम्या डब्यात ओतून कामावर आणला. हो, ओतून आणला. लपवायची अक्कल सुचली, म्हणजे चूक आहे हे कळतच होतं. पण मी मनाची समजूत घातली, एवढंसं काउंटर, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? शिवाय डब्यात नाक घालून पाहिलं होतं. नावालाही वास नव्हता.

यंत्र आलं. सहा खोल्या पास. बसायची खोली नापास.

सगळ्यांचं बोट रंगाऱ्याकडे. वास म्हटला की रंगारी, हे ठरलेलंच. आमचा रंगारी माझा वीस वर्षांचा दोस्त. तो बिचारा काकुळतीला आला. "पोरांची शपथ, यादीतलाच रंग लावलाय, डबे मोजून घ्या." सुपरवायझर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." आणि मी काय केलं? मी तिथेच उभा होतो. म्हणालो, "रंगाचंच असणार, दुसरं काय असणार?" जीभ कशी झडली नाही माझी! रंगारी माझ्याकडे बघत राहिला. मी पटाशीला धार लावायला बसलो.

"कुणालाही काढायचं नाही," सून म्हणाली. "आधी कळू दे, आहे काय ते."

"मॅडम, दुसऱ्या तपासणीला बारा दिवस आहेत. भिंती खरवडू, दुसरा रंग मारू, विषय संपला."

"आणि रंग नसलाच तर? रंगारीकाकांच्या पोटावर पाय दिला, भिंती खरवडल्या, आणि तरी नापास झालो. मग कुणाला काढायचं?"

एवढ्याशा पोरीने त्या दांडग्या माणसाची बोलती बंद केली, तीही आवाज न चढवता. मी आधी आवाज चढवतो, मग मुद्दा शोधत बसतो. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची शिसारी आली, दोन्ही एकदमच.

मग तिने काय केलं बघा. त्या खोलीतल्या सात गोष्टींचे तुकडे घेतले. रंगाचा पापुद्रा, छताच्या फळीचा तुकडा, फरशीचा, पडद्याचा, खुर्चीच्या गादीतला स्पंज, कपाटाच्या दाराची कपची आणि काउंटरच्या पाठीमागून काढलेला टवका. घरातल्या सात काचेच्या बरण्या उकळून वाळवल्या. एकेकीत एकेक तुकडा, झाकण घट्ट, झाकणावर नंबर. आतलं दिसू नये म्हणून बाहेरून कागद गुंडाळला. कशात काय ते फक्त तिच्या वहीत. दिवसभर बरण्या खिडकीत उन्हात ठेवल्या. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "लोणचं घालतेस का गं?"

"यंत्र इतक्यात परत मिळायचं नाही, आई," ती म्हणाली. "पण घरात नाकं आहेत ना."

संध्याकाळी तिने आम्हाला टेबलाभोवती बसवलं. मी, माझी बायको आणि मुलगा. पहिला नंबर माझा. मी मनाशी सगळं पक्कं केलं होतं. डब्यात वास नव्हता, पण उन्हाने निघाला तर माझा गोंद मला कळणारच, त्यात तर जन्म गेला. ती बरणी आली की चेहरा कोरा ठेवायचा आणि नाव घ्यायचं भलत्याच नंबराचं. एक उघडली, काही नाही. दोन, काही नाही. तीन, चार, पाच, सहा, सात. कशालाच काही नाही. मला वाटलं, सुटलो! उन्हातही वास निघाला नाही.

"सूनबाई," मी मिशीतल्या मिशीत हसत म्हणालो, "तुझ्या सातही बरण्या धुतल्या तांदळासारख्या आहेत."

मग बायकोची पाळी. पाचव्या बरणीचं झाकण उघडलं आणि तिने मान झटकन मागे घेतली. "अगं बाई! काय मेलं आहे यात? डोकं भणभणलं की!"

मुलगा पलीकडे बसला होता. तो म्हणाला, "मला इथपर्यंत येतोय. बाबा, चेष्टा करताय का?"

मी पाच नंबर परत ओढली. नाक आत खुपसलं. पाण्याचा पेला हुंगावा तसं. काहीसुद्धा नाही.

सून माझ्याकडे बघत होती. तिने वही उघडली नाही. उठून आत गेली आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटा." नाकाखाली काहीतरी धरलं. "काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही." "आणि हे?" "काही धरलंयस तरी का?" डोळे उघडले तर एका वाटीत कॉफीची पूड आणि दुसरीत ठेचलेला लसूण.

मग बायकोचा बांध फुटला. "म्हणजे आठ वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत, हाताची चव गेली म्हणालात, ते हे? अहो, चव नव्हती गेली, नाक गेलं होतं तुमचं!" आणि ती रडायला लागली. माझ्यासाठी की स्वतःसाठी, हे विचारायला मी धजलो नाही.

पस्तीस वर्षं वार्निश, थिनर, रबरी गोंद आणि बंद खोल्या. नाक कधी गेलं मला पत्ता नाही. गेल्या थंडीत शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आळशी आहे. मलाही तेच वाटलं. आणि असल्या नाकाच्या भरवशावर मी दम लागणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर ते विष चिकटवून आलो होतो.

"पाच नंबर म्हणजे काउंटर," मी म्हणालो. "गोंद मी बदलला. डब्यात ओतून नेला."

मला वाटलं, 'जाऊ द्या, बाबा' म्हणेल. छे! चेहरा लालबुंद झाला तिचा. "रंगारीकाका दोन दिवस जेवले नसतील. आणि तुम्ही तिथे उभे होतात."

"होतो."

"आधी त्यांच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता. माझं काम मागाहून."

गेलो. रंगाऱ्याने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "लेका, वीस वर्षं तुझ्या कपाटांना पॉलिश केलं. एकदा तरी तुझ्या कामाला नाव ठेवलं?" नव्हतं ठेवलं. मी मान खाली घातली, तेव्हा तोच पुढे म्हणाला, "उद्या किती वाजता तोडायचंय ते काउंटर? मीही येतो. हातोडा मोठा आण."

संस्थेला पाठवायच्या अर्जात एक रकाना होता, दोषाचं कारण. 'सदोष माल बदलला' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. सुनेने लिहिलं, 'काउंटरला यादीबाहेरचा गोंद वापरला गेला. मुख्य सुताराने स्वतः सांगितलं.' त्याखाली लिहिलं, 'देखरेख माझी होती, जबाबदारी माझी.'

"पोरी, वेडी का खुळी तू?" मी ओरडलो. "हे वाचून ऑफिस तुला पुन्हा सही देईल का? मला शिव्या घाल, पण स्वतःचं नाव कशाला गोवतेस?"

"बाबा, मी तुम्हाला यादी वाचून दाखवली. हे नको, ते नको. का नको, ते कधी बसून सांगितलंच नाही. पस्तीस वर्षांच्या कारागिराने नुसत्या यादीवर विश्वास का ठेवावा?" तिने पेनाला टोपण लावलं. "आणि हाच कागद खोटा लिहिला, तर त्या जुन्या दवाखान्यात आणि या दवाखान्यात फरक काय राहिला?"

ज्या कागदांना मी इतके महिने हसत होतो, त्यातल्या प्रत्येकामागे ही पोरगी अशी उभी होती. माणूस असावं तर असं. माझ्या पोराने आयुष्यात एक शहाणपणाचं काम केलं, हिच्याशी लग्न केलं.

ऑफिसने तिला कळवलं, दुसऱ्या तपासणीचा निकाल बघून सहीचं ठरवू. म्हणजे तिचं सगळं त्या एका काउंटरवर आलं. आम्ही ते मुळापासून उखडलं. या वेळी मी फळीला मागून करवतीच्या बारीक खाचा घेतल्या, बोटबोट अंतरावर, म्हणजे फळी आपणहून वळते, गोंदावर जोर येत नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं असं नाही. आधी मला वेळ घालवायचा नव्हता, एवढंच. पांढरा गोंद, शिकंजे, एका भागाला एक दिवस. चार दिवस लागले. सुट्टीच्या दिवशी सूनही शिकंजे धरायला आली. तिने पाच नंबरची बरणी आणली होती. एकेका कामगाराला हुंगायला देऊन ती सांगत होती की हे बंद खोलीत रोज नाकात गेलं तर काय होतं. "यांना विचारा," म्हणून माझ्याकडे बोट दाखवायची. मीही सांगायचो. यादी ऐकताना जांभया देणारे गडी त्या दिवशी डोळे विस्फारून ऐकत होते.

एकाच काउंटरला तेवढे पुरे, म्हणून उरलेले दिवस पंखे चालवले. यंत्र आलं, गेलं. आकडा यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी सून माझ्या खोलीत आली आणि फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. आकडा मर्यादेच्या निम्म्याहून कमी होता. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू आवरेना.

दवाखाना उघडला त्या दिवशी आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे होतो. पहिली आली ती चार-पाच वर्षांची मुलगी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आई नाव लिहीत होती, तेवढ्यात पोरीने काउंटरच्या गोलाईवर गाल टेकला आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. एक, दोन, तीन. मी मोजत होतो. रंगाऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पोरगी खोकली नाही.

मी सुनेच्या कानाशी वाकलो. "कसला वास येतोय गं इथे?"

तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "कसलाच नाही, बाबा."

"खरं सांग."

"खरंच. काहीच नाही येत."

मीही श्वास घेतला, छाती भरून. आठ वर्षांत पहिल्यांदाच मला चारचौघांना येतो तेवढाच वास येत होता.