कडक स्प्रिंगांचा क्लच

जुनं पेट्रोल इंजिन उतरवून भगवंतरावांनी आपल्या ट्रकात दांडगं डिझेल इंजिन बसवलं, पण क्लच जुनाच ठेवला. इंजिनाला बळ आलं, ते चाकांपर्यंत पोचेना! मिठाची पोती घेऊन राजूर घाट चढताना क्लच घसरला, जळका वास सुटला आणि गाडी मागे सरकू लागली. पोत्यांवर बसलेले हमाल उड्या टाकून वाचले.

मलकापूरच्या गॅरेजात शालिग्राम मिस्त्रीने दोन क्लच समोर ठेवले. "हा नरम. पायाले हलका, पण या इंजिनाले झेपन का नाई, सांगता येत नाई. हा कडक स्प्रिंगांचा. घसरणार नाई, पण पाय जोरात दाबा लागते."

"जानराव, गाडी तू चालवतं. तूच सांग," मालक म्हणाले.

जानरावच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या डाव्या घोट्यात नारू झाला होता. पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा किडा काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळायचा असतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण खेप चुकेल म्हणून या शहाण्याने तो हिसकून ओढला. नारू आत तुटला, पाय पिकला आणि घोटा कायमचा आखडला. हे फक्त बायकोला, सिंधूताईला माहीत. बाहेर तो काटा मोडल्याचं सांगायचा. गाडीचा जुना क्लच नरम होता, म्हणून कसाबसा दाबला जायचा. गाडी चालवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

नरम म्हणावं, की झालं. शब्द ओठांवर आलाही. तेवढ्यात बाहेर सावलीत बसलेला तुळशीराम हमाल दिसला. उडी टाकताना फुटलेलं त्याचं ढोपर अजून फडक्यात बांधलेलं होतं.

"कडक टाका," जानराव म्हणाला.

क्लच बसला. जानरावने गाडी चालू करून पाय दाबला. कळ मस्तकात गेली. दोन्ही हातांनी गुडघा रेटला, तरी पेडल अर्ध्यावरच अडलं. गिअर खरखरला, गाडीने हिसका दिला आणि बंद पडली.

मालकांनी दारातून त्याच्या पायाकडे पाहिलं. "काऊन रे, कधीपासून हाय हे?"

जानरावने चावी त्यांच्या हातात दिली आणि तो खाली उतरला. आता सगळं संपलं, हे त्याला कळून चुकलं.

घाटावरच्या आपल्या गावी तो त्याच ट्रकातून गेला, हमालांबरोबर पोत्यांवर बसून. खाली केबिनमध्ये नवा ड्रायव्हर दयाराम होता. दर वळणावर जानरावचा डावा पाय आपोआप पोतं दाबत होता. भरली गाडी घाट चढली, एकदाही घसरली नाही.

"भारी क्लच निवडला भाऊ तुमी!" तुळशीराम म्हणाला.

"हाव," जानराव म्हणाला आणि सगळ्यांदेखत रडू लागला.